समुद्रासाठी पैसा फंड



लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ पार्ल्यात होणाऱ्या व्याख्यानात राजकारण, गीता किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी ऐकायला मिळेल अशा अपेक्षेनं आपण आला असाल. मी समुद्राच्या पाण्यात वाढणाऱ्या आम्लाविषयी बोलणार आहे, आणि त्यातही जास्त वेळ पैशांविषयी. हे आम्ल का वाढतं, त्यानं काय होतं, हे लोकांना समजावून सांगायला खर्च येतो. तो कोणी करायचा आणि कशावर करायचा, एवढंच मला मांडायचं आहे.

आधी रसायनशास्त्र, कारण ते माहीत नसेल तर खर्च कशावर करायचा हे ठरवता येणार नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. सोडा जिभेला चुरचुरतो तो याच आम्लामुळे. बाटलीत वायू दाबून भरावा लागतो, समुद्रात तो पृष्ठभागावरून अखंड मुरत असतो. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र घेतो. तो त्यानं घेतला नसता तर हवा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त तापली असती. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे रेणू सुमारे २८० होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. या काळात समुद्राच्या वरच्या थराचा सरासरी पीएच ८.२ वरून ८.१ वर उतरला. एक दशांशाचा हा फरक किरकोळ वाटतो. पण पीएचची पट्टी साधी नाही. तिच्यावर एक घर खाली उतरलं की आम्लता दसपट होते. त्या हिशेबानं एक दशांश म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्क्यांची वाढ.

म्हणून समुद्र आंबट झाला असं मात्र नाही. सातच्या वरचं पाणी अल्कधर्मी, आणि समुद्र अजून आठच्या वर आहे. उद्या जुहूच्या पाण्यात उतरलात तर अंगाला खाज सुटेल, पण तिचं श्रेय महापालिकेच्या सांडपाण्याला द्या, आम्लाला नको. बदल होतो तो पाण्यातल्या कार्बोनेटमध्ये. वाढलेले हायड्रोजन आयन कार्बोनेटला धरून ठेवतात, त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि शिंपल्याला कवच बांधायला लागणारा माल कमी पडू लागतो. कोकणात शिंपल्या भाजून चुना करायची पद्धत होती. कितीतरी जुन्या भिंती त्या चुन्यावर उभ्या आहेत, आणि पानाला तो चुना लावलेल्या मंडळींपैकी काही आज सभागृहात असतील. कालवं, तिसऱ्या, खुबे, प्रवाळ यांची सगळी घरबांधणी त्याच मालाची.

पूर्ण वाढलेलं कालव बऱ्याच गोष्टी सहन करतं. धोका असतो तो पिल्लाला. अंड्यातून आल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्याला पहिलं कवच तयार करावं लागतं, आणि शिदोरी असते ती फक्त अंड्यातली. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर कवच बांधण्यातच ती संपते. अमेरिकेत ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर व्हिस्की क्रीक नावाचं कालवांचं बी तयार करणारं केंद्र आहे. २००७ आणि २००८ मध्ये तिथली पिल्लं लाखोंनी मरू लागली. आधी जिवाणूंवर संशय घेतला गेला. पुढे तिथल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबर पाणी तपासल्यावर दिसलं की वारा विशिष्ट दिशेनं वाहू लागला की समुद्राच्या खालच्या थरातलं, कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं थंड पाणी वर येतं आणि नळातून थेट टाक्यांत शिरतं. उपाय सोपा निघाला: पाणी सतत मोजायचं आणि गरज पडेल तेव्हा त्यात धुण्याचा सोडा मिसळायचा. धंदा तरला.

या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग त्यापुढचा आहे. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यानं २०१२ मध्ये या प्रश्नावर समिती नेमली आणि तिच्यात शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं कालवं वाढवणारे, आदिवासी जमातींचे प्रतिनिधी आणि आमदार बसवले. त्याच्याही आधी, २००९ मध्ये, अमेरिकेच्या संसदेनं महासागराच्या आम्लीकरणावर स्वतंत्र कायदा केला होता. संशोधन आणि मोजमाप यांच्या जोडीला लोकांपर्यंत ही माहिती पोचवणं हेही सरकारी खात्याचं काम आहे, असं त्या कायद्यात लिहिलेलं आहे. कायद्यात लिहिलं की अंदाजपत्रकात ओळ येते. ओळ आली की कोणाला तरी पगार मिळतो.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. नैऋत्य मान्सूनच्या महिन्यांत, म्हणजे नेमक्या या दिवसांत, आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळही खालचं पाणी वर सरकतं. त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. केरळपासून गोव्यापर्यंत हे ठळक दिसतं, उत्तरेकडे त्याचा जोर ओसरतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षं जाऊन हे पाणी तपासत आले आहेत. १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालेल्या या संस्थेचं मुंबईचं केंद्र अंधेरीत चार बंगल्याला आहे. त्याच्या जवळच, वेसाव्याला, केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून उभी आहे. आपल्या कोळीवाड्यांना त्या संस्थांच्या पाट्या माहीत असतात. आत काय चालतं ते फारसं माहीत नसतं. दोष शास्त्रज्ञांना देण्यात अर्थ नाही. त्यांचं मूल्यमापन शोधनिबंधांवर होतं, जुहूच्या खडकावर उभं राहून चाळीस मुलांशी मराठीत बोलण्यावर होत नाही. त्या कामाला माणूस वेगळा लागतो आणि त्याचा पगार कुठल्याच खात्यात बसत नाही.

मुंबईत एक गुंता आणखी आहे. शहराचं मैलापाणी खाडीत कुजतं तेव्हा त्यातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीएच खाली जातो. म्हणजे मालाडच्या किंवा माहीमच्या खाडीत पीएच कमी आढळला तर त्यातला किती वाटा जगाच्या धुराचा आणि किती आपल्या संडासांचा, हे एका मोजणीत सांगता येत नाही. भरती-ओहोटी, ऊन-सावली यांनीही तो दिवसभरात हलतो.

यावरून खर्चाचा पहिला नियम निघतो, आणि तो नकाराचा आहे. शाळांना लिटमस कागद आणि पीएचच्या पट्ट्या वाटून समुद्राचं आम्लीकरण शिकवू नका. ज्या पट्टीवर एक पूर्ण अंक वाचतानाही डोळे ताणावे लागतात, तिच्यावर अडीचशे वर्षांत घडलेला एक दशांशाचा फरक मुलांना दिसणार नाही. मुलं घरी जाऊन सांगतील की समुद्र ठीक आहे. दुसरा लाडका प्रयोग व्हिनेगरमध्ये शिंपला बुडवण्याचा. बुडबुडे येतात, टाळ्या पडतात आणि मुलांच्या मनात कायमचं बसतं की उद्या समुद्रात सगळे शिंपले विरघळून जाणार. ही भीती खोटी आहे, आणि खोट्या भीतीवर उभं केलेलं शिक्षण पहिल्याच चिकित्सक प्रश्नाला कोसळतं. त्यापेक्षा जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी घ्या, नळीनं त्यात फुंकर घालत राहा आणि रंग हळूहळू बदलताना बघा. श्वासातल्या वायूनं पाण्याचं रसायन बदलतं, एवढंच त्यात दिसतं आणि ते खरं आहे. या प्रयोगाचा खर्च शून्याच्या आसपास येतो. महाग आहे तो प्रयोग करून घेणारा, मुलांच्या शंकांना तोंड देणारा माणूस.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे लोकशिक्षणाला पैसा मिळतच नाही, हे रडगाणं मला मान्य नाही. पैसा मिळतो. तो इमारतीला मिळतो, उद्घाटनाला मिळतो, फलकाला मिळतो. माणसाला मिळत नाही.

तारापोरवाला मत्स्यालयच घ्या. मुंबईच्या तीन पिढ्यांनी जिवंत मासे पहिल्यांदा पाहिले ते तिथं. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते सुरू झालं. आठ लाखांच्या खर्चातले दोन लाख एका पारशी दात्यानं दिले आणि नाव त्यांचं लागलं. त्या काळात दोन लाख ही मोठी रक्कम होती, दानत त्याहून मोठी. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा झगमगलं, आणि गेली काही वर्षं ते बंद आहे. इमारत थकली की शिक्षण बंद, अशी ती रचना. काचेपलीकडच्या माशांविषयी बोलणारी पाच माणसं नेमण्यासाठी कोणी आणखी लाखभर रुपये दिले असते, तर मत्स्यालय बंद पडल्यावरही ती माणसं शाळांतून फिरत राहिली असती.

सरकारी पैशाचीही तीच तऱ्हा. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला की सिनेमागृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या किमान दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शननं रोज काही मिनिटं द्यावीत आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा करावा. आदेश उत्तम होता. तंबाखूविरोधी जाहिरात आपल्याला तोंडपाठ आहे. पर्यावरणाची स्लाइड शेवटची कधी पाहिलीत ते आठवून बघा. शाळांत विषय आला, त्याला वही आली, गुण आले. २००१ च्या सुमारास राष्ट्रीय हरित सेना आली, आणि तिच्यातून शाळेच्या मंडळाला वर्षाला अडीच हजार, पुढे पाच हजार रुपये मिळू लागले. पाच हजारांत एका वर्गाला जुहूला नेऊन आणायच्या बसचं भाडं कसंबसं निघेल. त्यामुळे घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि उरलेल्या पैशांतून तुळशीची रोपं येतात.

उलट टोकाला जून २०२१ मध्ये केंद्रानं मंजूर केलेलं डीप ओशन मिशन आहे, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटींचं. सहा हजार मीटर खाली माणूस नेणारी पाणबुडी, हवामानाचा समुद्रावरचा परिणाम, खोल पाण्यातलं जीवन असे त्याचे सहा घटक आहेत. लोकांना समुद्र समजावून सांगणं हा त्यांतला वेगळा घटक नाही. भूविज्ञान मंत्रालयाची शिक्षण-प्रसाराची स्वतंत्र योजना आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण या मिशनच्या दर शंभर रुपयांमागे एक रुपया समजावून सांगण्यासाठी राखून ठेवायचा, असा नियम कोणी केला असता तर चाळीस कोटी झाले असते. एवढ्यात कोकण किनारपट्टीवरच्या शाळा कितीतरी वर्षं सांभाळता आल्या असत्या.

महाराष्ट्र सरकारची कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना २०१७ पासून आहे. किनाऱ्यावरचे गट तिच्यातून खेकडे, जिताडा, कालवं, शिंपले वाढवतात. चांगली योजना आहे, आणि बायका ती नेटानं चालवतात. कालवाचं पिल्लू कशानं मरतं हे त्या बाईला समजणं हा धंद्याचाच खर्च धरायला हवा, जाळ्या-दोऱ्यांइतकाच. व्हिस्की क्रीकनं ते ज्ञान दोन हंगाम बुडवून विकत घेतलं. आपल्या बचत गटाला एक हंगामही बुडवणं परवडणारं नाही.

मग कंपन्या? २०१३ च्या कंपनी कायद्यातलं १३५ वं कलम आज शाळकरी मुलांनाही माहीत असावं, इतकं त्याविषयी बोललं जातं. ठरावीक आकारापुढच्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही त्या यादीत आहेत. पण कंपनीला मार्चअखेर दाखवायला काहीतरी लागतं, म्हणून एका रविवारी सकाळी सारख्या रंगाचे टी-शर्ट घालून जुहूचा कचरा उचलला जातो. उचलला ते बरंच झालं. तेवढ्यानं पाण्याचं रसायन कळत नाही, एवढंच माझं म्हणणं. आणि एक बारीक अडचण आहे, ती संस्था चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर या पैशातून संस्थेच्या कायम निधीत भर घालता येत नाही. कार्यक्रमाला पैसे मिळतात, मुद्दलाला नाहीत. चालू प्रकल्पही सुरुवातीच्या वर्षानंतर तीन वर्षांपलीकडे ओढता येत नाही. चौथं वर्ष संपलं की नेमलेल्या शिक्षकाला निरोप द्यायचा. समुद्राच्या पाण्यातला बदल दशकांनी मोजतात, आणि तो शिकवणाऱ्याची नेमणूक मात्र आर्थिक वर्षांनी.

म्हणून मुद्दल लोकांनीच उभं करायचं, असं मी म्हणतो. आणि ते म्हणायला लोकमान्यांच्या नावाचं व्यासपीठ योग्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागायची कल्पना काढली. टिळकांनी तिला पाठबळ दिलं. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. आपण कारखाना लक्षात ठेवतो. पण तिथं काचकाम शिकून गेलेले कारागीर देशात ठिकठिकाणी पोचले, ही त्या फंडाची खरी कमाई. पैसा माणसं घडवण्यावर खर्च झाला होता.

पार्ल्याला हे नवीन सांगायला नको. टिळकांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालय निघालं. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ निघाला. दोन्ही लोकांच्या पैशावर. आणि १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहात, जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली इथं छावणी पडली, तेव्हा समुद्राच्या पाण्यातून मीठ कसं काढतात हे साऱ्या उपनगरानं हातानं शिकून घेतलं. समुद्राच्या रसायनशास्त्राचा त्याहून प्रभावी वर्ग मुंबईत पुन्हा भरला नाही. एप्रिल १९६६ मध्ये, गोव्याच्या संस्थेपाठोपाठ, मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. मराठीतून विज्ञान सांगायचं काम ती साठ वर्षं टिकवून आहे, आणि लहान लहान देणग्यांचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणजे मी आपल्याकडे नवी सवय मागत नाही.

आता हिशेब. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण बोटांवर मोजून पाहा. दोन पूर्णवेळ माणसं हवीत. एक विज्ञान शिकलेलं, एक शक्यतो कोळीवाड्यातलं. दरमहा प्रत्येकी चाळीस हजार धरले तर वर्षाला ९ लाख ६० हजार. महापालिकेच्या शाळांच्या मुलांना बसनं किनाऱ्यावर नेणं, छपाई, आणि खडकावर मुलांना कालवं, शेवाळ, खेकड्याची बिळं दाखवणाऱ्या कोळी बायकांचं मानधन मिळून साडेपाच लाखांच्या आसपास. त्या मानधनावर काटकसर करू नये, अशी माझी अट आहे. ओहोटीला कोयता घेऊन कालवं फोडणाऱ्या बाईला खडक कुठं उजाड झाला हे आपल्या आधी कळतं, आणि ते सांगण्याचा मोबदला तिला व्याख्यात्याइतकाच मिळावा. निदान आज मला मिळणार आहे तेवढा तरी. सहली अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ठेवाव्या लागतील, तेव्हाच पाणी पुरेसं मागं हटतं. भांगाच्या दिवसांत नेलंत तर मुलं वाळूत खेळून परत येतील. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा भटकंती घडवणारा ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून आहे. वाट त्यांनी पाडली आहे, तिच्यावर मराठी शाळा न्यायच्या आहेत.

वर्षाला पंधरा लाख झाले. सात टक्के व्याज धरलं आणि महागाईसाठी थोडं व्याज मुद्दलात परत टाकलं, तर अडीच कोटींचा कायम निधी पुरतो. कॉर्पस हा शब्द पार्ल्यात पुनर्विकासानं घरोघरी पोचवला आहे, त्यामुळे जास्त फोड करत नाही. अडीच कोटींत आज इथं दोन खोल्यांचा बरा फ्लॅट मिळेल का, हे आपणच मला सांगा. पूर्व-पश्चिम मिळून पाच हजार घरांनी वर्षाला हजार रुपये दिले तर वर्षाचे पन्नास लाख होतात आणि पाच वर्षांत रक्कम उभी राहते. नव्या करप्रणालीत देणगीवर ८० जी ची सवलत मिळत नाही, म्हणून करबचतीसाठी देणारे कमी होतील. पैसा फंडाला पैसा देणाऱ्यांनाही ती मिळत नव्हती.

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा, की पार्ल्यातली मुलं हे सगळं शिकली म्हणून जगातला धूर थोडाच कमी होणार आहे? नाही होणार. पण मघाशी सांगितलेला गुंता इथं उपयोगी पडतो. समुद्राच्या आम्लतेत आपल्या मैलापाण्याचा जो वाटा आहे तो आपल्या हातातला आहे. वर्सोव्यासह सात ठिकाणी नवी मलजल प्रक्रिया केंद्रं बांधायचं काम महापालिकेनं हाती घेतलं आहे, त्यांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. ती कधी पूर्ण होतील, त्यांतून बाहेर पडणारं पाणी कोण तपासेल, तपासणीचे आकडे मराठीत कुठं लागतील, हे प्रश्न विचारायला पीएच म्हणजे काय ते कळावं लागतं. नगरसेवकाला हे विचारणारा दहावीतला मुलगा तयार झाला, तर त्याच्यावर झालेला खर्च वसूल झाला असं मी समजेन.

राहिली एक तडजोड. मुद्दल पूर्ण जमेपर्यंत काम सुरू करायचं नाही, असा संस्थांचा शिरस्ता असतो. मी तो मोडायला सांगतो. पहिल्या वर्षापासूनच पन्नासातले पंधरा लाख खर्चायला काढावेत आणि पस्तीस साठवावेत. व्याज धरून कॉर्पस पूर्ण व्हायला पाचाऐवजी सहा वर्षं लागतील. कंपन्यांचे पैसे आले तर ते बसभाड्याला आणि छपाईला घ्यावेत, पगाराला नाही. हा हिशेब मी खजिनदारांना आधी दाखवलेला नाही, तेव्हा प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न त्यांचाच घ्यावा.